मेढ्याच्या बाईच्या तोंडी घातलेली गोष्ट

हे मी आजवर सख्ख्या बहिणीजवळही बोललेलं नाही. तुमच्याजवळ बोलते आहे.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू असताना सांगलीच्या एका मासिकात माझी गोष्ट आली. नवरा पलटणीत गेलेली बाई, आणि तिचं अंग काय मागतं — एवढंच तिच्यात होतं. बाईला अंग असतं हे बाईनेच लिहिलं की गहजब होतो. झाला. सोवळी मंडळी तुटून पडली. त्यांचा मला आजही संताप येतो — पण ते राहू दे. गुन्हा त्यांचा सांगायचा नाही.

गोष्टीखाली मी एक ओळ घातली होती : ‘मेढ्याकडील एका शिपायाच्या बायकोने स्वमुखाने सांगितलेली सत्य हकिकत.’ चळवळीची पत्रकं लिहून लागलेली सवय. ‘सत्य हकिकत’ म्हटलं की वाचणारा गप्प बसतो. साताऱ्याच्या सभेत एका वकीलसाहेबांनी विचारलं, हे घाणेरडे विचार कुणाचे? मी ताडकन उठले. म्हटलं, कष्टकरी बाईचे! टाळ्या पडल्या.

मेढ्याकडे प्रचाराला गेले की मी एकाच घरी उतरत असे — पारूच्या. नवरा लढाईवर. ती मला भाकरी वाढायची, माझ्या जाड्याभरड्या खादीला हसायची — “ताई, ह्ये लुगडं हाय का घोंगडं?” गोष्टीतलं एक अक्षरही ती कधी बोलली नव्हती. मग कुणाचं होतं ते? माझं. लग्न न झालेल्या, सभा गाजवणाऱ्या बाईचं. आणि ते माझं म्हणण्याची — कशाला लपवू? — छाती नव्हती.

मासिक गावात पोचलं. कुणीतरी चावडीवर मोठ्याने वाचलं. घर ओळखायला कितीसा वेळ? सासऱ्याने पारूला माहेरी नेऊन घातलं. ती मला शोधत सांगलीला आली. रडली नाही.

“आवं ताई, मी आसलं कवा बोलले वं? तुमी येऊन सांगा, ही न्हवं म्हणून. येवढंच.”

ही नव्हे, तर मग कोण? पुढचा प्रश्न मला ऐकू येत होता. मी म्हटलं, येते.

गेले नाही.

पुढे माझ्या गोष्टींचं पुस्तक निघालं; त्यात हीही होती. तपासायला आलेली मुद्रितं माझ्या हातात होती. पारूचा नवरा अजून परतायचा होता. ती ओळ खोडली असती तर तो येण्याआधी निदान पारूवरचा आळ तरी पुसला असता. ‘ही ओळ ठळक टाइपात घ्यावी’ असं समासात लिहून मी मुद्रितं छापखान्यात पाठवली.

लढाई संपली. तो आला. तिला आणायला गेला नाही.