हा कोणी आवळला होता?

माझ्या मामेसासऱ्यांना मेलेल्या माणसांशी बोलता येत असे. विषय मात्र एकच असे, गाडीच्या इंजिनातला न सुटणारा बोल्ट. यवतमाळच्या ज्या घरात तीन पिढ्या टाकापेक्षा जड हत्यार कोणी उचललं नव्हतं, त्या घरात ते जन्मले. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले, आणि सत्कारात मिळालेली शाल गाडीखाली अंथरून, तिच्यावर उताणे पडून, लोकांचे बोल्ट सोडवू लागले. त्यांचा सिद्धांत साधा होता. गंज ही मिस्त्री लोकांनी काढलेली पळवाट आहे. बोल्टाला धरून ठेवतो तो शेवटच्या आवळणाऱ्याचा हात. तो माणूस जिवंत असला तर बोल्ट विसरून गेलेला असतो, आणि विसरलेला हात सैल असतो. माणूस मेला, की हाताला दुसरं काम उरत नाही. तो धरून बसतो.

म्हणून पाना लावण्याआधी ते विचारत, "हा कोणी आवळला होता?" विचारण्याची पद्धत अशी, की पोरं खेळ सोडून आईजवळ जाऊन उभी राहत. मग ते इंजिनाला कान लावत. इंजिनाच्या पाठीमागे, जिथे हात जात नाही आणि नजरही जात नाही, तिथे दाढीचा आरसा धरून बराच वेळ बघत. त्या आरशात बोल्ट दिसे आणि बाजूला मामांचा एक डोळा दिसे. त्या दोघांत काहीतरी ठरतं आहे असं बघणाऱ्याला वाटे. मी हे सगळं पाहिलं आहे, कारण जावयाला सासुरवाडीत दुसरं काम नसतं. माझा त्यावर विश्वास नव्हता. पण मीसुद्धा तेव्हा हळू आवाजात बोलायचो.

एकदा पांढरकवड्याला एका पुढाऱ्याची कोरी गाडी ऐन सभेच्या दिवशी अडली. व्यासपीठावर पांढऱ्या सोन्याला भाव मिळवून देण्याची प्रतिज्ञा चालू होती आणि मागे मामा बॉनेटमध्ये डोकं घालून ड्रायव्हरला तोच प्रश्न विचारत होते. तो म्हणाला, "काकाजी, हा तर कंपनीत मशीननं आवळला." मामांचा चेहरा पडला. "मग कठीण आहे बाबा. मशीनले वारस नसते." पाना पुसून ते घरी आले. पुढारी बैलगाडीतून परत गेले, आणि शेतकऱ्यांशी असलेल्या जिव्हाळ्याचं प्रतीक म्हणून दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आले.

मामांची स्वतःची एक जुनी जीप होती. तिचं इंजिन त्यांनी स्वतः उघडून स्वतः बसवलेलं. ती अंगणात उभी राहून अहोरात्र ऑइल गाळायची. खाली ठेवलेल्या डब्यात ठिपका पडल्याचा आवाज घरात झोपलेल्यांनाही ऐकू येई. मामी म्हणत, "लोकाइच्या गाड्या दुरुस्त करते हा माणूस, अन् आपली अंगण खराब करून राह्यली." मामा म्हणत, "राहू दे. तिले मोकळं वाटते."

ती वर्षं कापसाची वाईट होती. बोरी अरबकडची एक जिनिंग गिरणी बंद पडली होती आणि तिच्या भिंतीला लागून कापूस वाहणाऱ्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, टायरमधून गवत उगवलेल्या. त्यातली एक जीप जवळच्या तांड्यावरच्या सकरीबाईच्या नवऱ्याची होती. तो पावसाळ्यात तापानं गेला. जीप चालू झाली तर सकरीबाईचा भाऊ बाजाराच्या सवाऱ्या मारणार होता आणि घर चालणार होतं. नाही झाली तर भंगारवाला दुसऱ्या दिवशी तिला ओढून नेणार होता. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढायचं होतं, बाकीचे सगळे बोल्ट निघाले होते, आणि अगदी मागचा, ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्याला चिकटलेला एक बोल्ट हलत नव्हता.

आम्ही दुपारी पोचलो. मामा सवयीप्रमाणे आदल्या संध्याकाळी येऊन बोल्टाच्या मुळाशी डिझेल सोडून गेले होते. ऊन पांढरं पडलं होतं. कुंपणाच्या तारेला अडकलेला जुना कापूस वारा नसताना हलत होता. मामा त्या उभ्या गाड्यांच्या ओळीवरून एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "जावई, पाहून राह्यले ना? किती हात धरून बसले आहेत इथं." मी रुमालानं मान पुसली.

बाकीचे बोल्ट काढून मिस्त्री कंटाळला होता. "काकाजी, डोकं घासून गेलं त्याचं. गॅसनं कापून टाकू."

"तुया बापाचा हात असता, तर गॅसनं कापला असता का?" मामा म्हणाले. मिस्त्री दोन पावलं मागे सरकला. मामांनी विचारलं, "हा कोणी आवळला होता?"

सकरीबाई म्हणाली, "मालकानं. आजारी पडायच्या आधी."

मामांनी घासलेल्या डोक्यावर एक नंबर लहान, टोपीसारखा बसणारा गोटी पाना ठोकून बसवला, त्याला लांब दांडा जोडला आणि तिला म्हणाले, "हात ठेव बाई. अन् नाव घेऊन सांग, सोडा म्हणून."

"नाव? मालकाचं नाव कसं घेऊ जी?"

"नाव नाही घेतलं तर त्याले कसं समजेल, कोणाले सांगून राह्यलो ते?"

तिनं दांड्यावर हात ठेवला. मग पदर तोंडाशी धरून, आधी पुटपुटत आणि मग चांगलीच चिडून बोलू लागली. "जिते होते तं एका जागी बसले नाही कधी. आन् आता एवढं घट्ट धरून बसले! मले घर चालवाचं आहे. सोडा ना जी. रामदास, सोडा!"

कट्ट असा आवाज झाला. बोल्ट सुटला तरी हाच आवाज होतो आणि तुटला तरी हाच. मी तिच्या हाताकडे बघत होतो. तो दांड्यावर नुसता टेकलेला होता, दाबलेला नव्हता, हे मी आजही सांगेन. मामांनी आरसा आत धरला, हळूच म्हणाले, "मेहेरबानी भाऊ," आणि बोटांनी बोल्ट फिरवून बाहेर काढला. हेड पुन्हा बसवताना नवा बोल्ट त्यांनी सकरीबाईला आवळायला लावला. जीप बाजाराला गेली.

परत येताना मी म्हणालो, रात्रभर डिझेल मुरलं होतं, सुटणारच होता. मामा म्हणाले, "हो तर. तुमचंही बरोबर आहे." हे वाक्य ते मूर्खांसाठी राखून ठेवत.

मामा गेले तेव्हा जीप अंगणातच होती. पुढे केळापूरच्या एकानं ती मागितली, पण इंजिन उघडून बघेन म्हणाला. मिस्त्री यायच्या दिवशी मामी मला म्हणाल्या, "पहिला बोल्ट आपणच सोडवू. त्याइची रीत होती." मी शहाणा माणूस. तरी आरसा शोधला, गोटी पाना लावला, आणि मामींचा हात धरून दांड्यावर ठेवला. "हा कोणी आवळला होता?" हे मी विचारायच्या आत मामींनीच सांगितलं. लग्नातल्या उखाण्यानंतर बहुधा पहिल्यांदाच त्यांनी ते नाव उच्चारलं. पुढचा शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघेना. "सोडा कसं म्हणू?" त्या म्हणाल्या. "नाही म्हणत मी. राहू दे धरून."

डब्यात ठिपका पडला. मी पाना काढून घ्यायला गेलो, तर त्याच्याबरोबर बोल्टही हातात आला. शेजारचा बोटानं फिरला. त्याच्या शेजारचाही. त्या इंजिनातला एकही बोल्ट मामांनी कधी आवळलाच नव्हता. जीप ऑइल का गाळते, ते तेव्हा कळलं.