मोगऱ्याला दिलेला ताण

आमच्या दारामागच्या खिळ्यावर तीन किल्ल्या लटकतात आणि त्यातली एकही आमच्या घराची नाही. बहारीनच्या अरादमधल्या आमच्या गल्लीत बँकेने ताब्यात घेतलेली तीन रिकामी घरं आहेत, त्यांच्या फाटकांच्या त्या किल्ल्या. तिथलं गवत मी कापते. हे काम मला कुणी दिलेलं नाही, मीच ओढवून घेतलंय.

सुरुवात झाली ती शेजारच्या घरापासून; बाकीची दोन मागाहून गळ्यात पडली. तिथे खाला राहायची. ती इथलीच, बहारीनची, माझ्या आईच्या वयाची. आम्ही श्रीवर्धनकडचे मुसलमान मावशीला खाला म्हणतो आणि तिच्या अरबीतही तोच शब्द, त्यामुळे पहिल्याच दिवशी आमचं जमलं. मग तिच्या मुलाचा धंदा बसला, तारण ठेवलेलं घर बँकेने घेतलं आणि खाला दोन गल्ल्या पलीकडे भावाकडे राहायला गेली. फाटकावर कागद चिकटला तेव्हाच तिने सांगून टाकलं की आता या घरात पाऊल टाकणार नाही. जाताना माझा हात मात्र घट्ट धरला. पायरीजवळ तिचा मोगरा होता, त्याला ती राझजी म्हणायची.

"राझजी को पानी देना," ती म्हणाली. "ईद के बाद मेरा लड़की का शादी. उसका बाल में फूल मेरा घर का, बाहर का मफी, बिलकुल नहीं."

"इंशाल्ला, खाला. टेन्शन मत लो."

घराचं वीज-पाणी तोडलं होतं, पण रस्त्याकडेच्या झाडांचा पाइप कुंपणाच्या कोपऱ्यात गळत होता. त्यात हिवाळ्यात चार दिवस पाऊस झाला आणि हिरवळीचं रान झालं. गवत गुडघाभर वाढलं, मोगरा दिसेनासा झाला. मी भिंतीवरून पाण्याची नळी टाकायची, ती अंदाजाने. महिन्याने बँकेचा माणूस कुलूप तपासायला आला, तेव्हा मी त्याला गाठला आणि चांगला फैलावर घेतला. तो बिचारा केरळचा, घाम पुसत म्हणाला, "सिस्टर, आप ही कर लो." आणि किल्ली काढून दिली. ही बाई आता गप्प बसेल असं त्याला वाटलं असणार.

नवरा विमानतळावर कार्गोत कामाला. शिफ्टवरून आला नि म्हणाला, "तुज्या बापाची वाडी हाय काय ती?" तरी दोस्ताकडून गवत कापायचं मशीन घेऊन आलाच. दोन फेऱ्यांत मशीन गवत अडकून बंद पडलं. मग मी स्वयंपाकघरातला, गावाहून आणलेला विळा काढला, ओढणी कमरेला बांधली आणि उकिडवी बसले. दुपारपर्यंत अर्धं अंगण मोकळं. मुलगी भिंतीवरून व्हिडिओ काढत ओरडली, "मम्मा, यू लुक सो हॅपी!"

होतेच मी खूश. इतकी वर्षं या देशात फरशीवरून फरशीवर चालत होते. हिरव्या गवताचा वास हाताला लागला आणि मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

गवताखाली मोगरा सापडला तो नुसता काटकुळा, लाकडासारखा. आता इथे माझं डोकं चाललं. वडिलांच्या वाडीत मोगऱ्याचे वाफे होते. जानेवारीत वडील तो छाटायचे, उरलेली पानं ओरबाडून काढायचे आणि पंधरा दिवस पाणी तोडायचे. याला ताण देणं म्हणतात. झाड घाबरतं, मग पाणी मिळालं की कळ्यांनी लगडतं. मोगरा मला येतो, विचारायचं कुणाला? मी विळ्याने तो वीतभर ठेवला, एक पान शिल्लक ठेवलं नाही आणि नळी गुंडाळून ठेवली.

आठव्या दिवशी खाला फाटकाशी येऊन उभी राहिली. आत आली नाहीच. तिथूनच तिने पाहिलं: उघड्या काड्या, कोरडी पडलेली माती.

"पानी नहीं दिया?"

मी समजावलं, "खाला, इसको थोड़ा तकलीफ देना पड़ता है, फिर फूल देता है."

"इस घर में तकलीफ कम हुआ?" एवढंच ती बोलली आणि वळली.

पंधरा दिवस झाल्यावर मी शेणखत घातलं, पाणी सोडलं. रमजान लागला. दर वर्षी इफ्तारच्या आधी खालाकडून हरीसचं ताट यायचं, गहू आणि मटण घोटून केलेलं, वर तूप. या वर्षी आलं नाही. पहाटे फजरची नमाज झाली की मी थेट मोगऱ्याशी जायची. काड्या तशाच. माझी पाचावर धारण बसली. वडिलांची युक्ती लाल मातीतली, ही तर वाळू. एका मुलीच्या लग्नाची फुलं मी माझ्या हाताने छाटून टाकली होती. नवऱ्यानेसुद्धा थट्टा थांबवली, यावरून काय ते समजा.

आणि एका सकाळी काडीच्या सांध्यात मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग धावत घरात जाऊन झोपलेल्या नवऱ्याला उठवलं. त्याला वाटलं चोर आला.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत कळ्या धरल्या. मी सांदणं केली, तांदळाची, नारळाच्या दुधातली, आणि ताटात वर तीन कळ्या ठेवून खालाकडे पाठवली. आमच्यात आणि त्यांच्यातही शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. पण दोन दिवस ताटच आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, काठोकाठ हरीस भरून. मी उभ्या उभ्याच रडले आणि मग पोटभर खाल्लं.

लग्नाच्या दिवशी असरच्या नमाजनंतर मी परडी घेऊन गेले. कळ्या दुपार कलल्यावर खुडल्या की रात्री केसांत उमलतात. फाटकाशी खाला उभी होती.

"खाला, मैं निकाल के लाती हूँ," मी कुलूप काढत म्हटलं.

तिने अबाया जरा उचलला, फाटक ढकललं आणि सरळ आत आली. झुडूप पांढरंशुभ्र झालं होतं. तिने मला एका कळीला हात लावू दिला नाही. एकेक खुडत सगळी परडी तिने स्वतः भरली आणि माझ्याकडे दिली, गजरे ओवायला.

जाताना ती वाटेत थांबली. खाली वाकली, फरशीच्या फटीतली हरळी मुळासकट उपटली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"ये किधर देख के काटा?" तिने दरडावून विचारलं.

मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. तिचं घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या फटी साफ केल्या.