वहिनी आणि निवड समिती

वहिनींना वहिनी म्हणण्याचा खरा हक्क एकाचाच, त्यांच्या धाकट्या दिराचा. पण हा दीर त्याच कारखान्यात कामाला, आणि त्याचा आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसानेही मान वळवून बघावं. दिवसभर त्याचं 'वहिनी, आरी कुठंय', 'वहिनी, मेण संपलं' चालायचं. ते ऐकून ऐकून सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले, अगदी वयाने त्यांच्या वडिलांसारखे असलेले पॉलिशवाले काकासुद्धा. एवढे दीर जगात दुसऱ्या कुठल्या बाईला मिळाले नसतील, आणि वेळ आली तेव्हा त्यातला एकही उपयोगी पडला नाही. पण ते पुढे येईलच.

कारखाना क्रिकेटच्या चेंडूंचा. खालच्या मोठ्या खोलीत शिवणखातं होतं. दोन्ही भिंतींना लागून बुटकी स्टुलं, प्रत्येकाच्या गुडघ्यांत लाकडी शिकंजा आणि त्यात धरलेला अर्धवट शिवलेला चेंडू. आरीने भोक पाडायचं, दोन्हीकडून दोन सुया घालायच्या आणि मेण लावलेला दोरा असा खेचायचा की खांद्यापर्यंत कळ जावी. बोटांना चामड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या तरी दोरा कुठून तरी कातडीत शिरतोच. कोपऱ्यातून एक लोखंडी जिना वर जायचा, मालकाच्या काचेच्या खोलीकडे. मालकांना वरून सगळं दिसायचं आणि ऐकू काहीच यायचं नाही.

या खोलीत जेवणाच्या सुट्टीत निवड समिती बसायची. ज्यांच्या हातचे चेंडू मोठे खेळाडू मारतात, त्यांना संघ कोणता असावा हे कळणार नाही तर कुणाला कळणार, असं इथल्या प्रत्येकाचं ठाम मत. राष्ट्रीय संघ जाहीर व्हायचा असला की घास हातातच राहायचा आणि वाद पेटायचा. कुणी सलामीवीराची सालं काढायचं, कुणी यष्टिरक्षकाची बाजू घेऊन उठायचं. सगळ्यांचे घसे बसले की काका रंगाचा एक रिकामा डबा फिरवायचे. खेळाडू हवा असेल तर लाल चामड्याचा तुकडा टाकायचा, नको असेल तर पांढऱ्याचा. हात मुठीसकट डब्यात घालायचा, म्हणजे कुणी काय टाकलं ते शेजाऱ्यालाही कळू नये. शेवटी डबा जमिनीवर उपडा केला जायचा आणि काका निकाल द्यायचे. असा कारभार वर्षानुवर्षं चालला होता आणि खऱ्या निवड समितीला त्याचा पत्ता नव्हता.

त्या हंगामात वाद कर्णधारपदाचा होता. जुना कर्णधार निवृत्त झाला होता. त्याच्या गैरहजेरीत ज्याने संघ सांभाळला, पडत्या काळात दोन मालिका जिंकून दिल्या, तो उपकर्णधार म्हणजे एक साधा, काळासावळा, कमी बोलणारा गोलंदाज. आता तोच कर्णधार होणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आणि खऱ्या समितीने नेमलं कुणाला, तर शाम्पूच्या जाहिरातीत केस उडवणाऱ्या एका पोरसवदा फलंदाजाला.

दीर त्या दिवशी स्टुलावर चढला. "घाम गाळायला हा, आणि नाणं उडवायला तो? उपकर्णधार म्हणजे काय घरगडी आहे? गरज असेल तेव्हा राबवा आणि मान द्यायची वेळ आली की बाजूला सारा. हा एका माणसाचा अपमान नाही, काम करणाऱ्या प्रत्येकाचा अपमान आहे."  बोलताना त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"आणि म्हणे गोलंदाज कर्णधार चालत नाही," वहिनी म्हणाल्या. "का नाही चालत? दिवसभर उन्हात पळतो तोच. सावलीत पाय पसरून आपली पाळी यायची वाट बघणाऱ्याला बरं सगळं समजतं."

खोलीने स्टुलं बडवली. मग दिराने आरी खाली ठेवली आणि म्हणाला, आज आपण निषेध म्हणून दुपारी शिवणार नाही. एकेक करत सगळ्यांनी आऱ्या खाली ठेवल्या. मालक जिना उतरून आले. कारण कळल्यावर तेही हसले, निवड समितीला त्यांनीही दोन शिव्या घातल्या आणि सगळ्यांना चहा सांगितला. अन्यायाविरुद्ध लढा कसा द्यावा याचा तो वस्तुपाठच होता म्हणायचा. चहा पिऊन लढा संपला.

आता वहिनींचं सांगायला हवं. शिवणखात्याच्या मुकादमांची नजर गेल्या काही वर्षांत अधू होत चालली होती. टाके दिसत नव्हते, पण माणूस भला, घरी बसवणार कोण. मग त्यांचं काम हळूहळू वहिनींकडे आलं. सकाळी कातडी वाटायची, नव्या माणसाला दोरा धरायला शिकवायचा, लोखंडी कडीतून चेंडू काढून माप बघायचं आणि सैल शिवण दिसली तर न ओरडता परत करायची, कुणाचं घरी भांडण झालं असेल त्याला त्या दिवशी सोपं काम द्यायचं. हे सगळं त्या स्वतःचे चेंडू पुरे करून करत होत्या. दिराला नोकरीही त्यांनीच लावली होती. तो पहिल्यांदा आला तेव्हा आरी स्वतःच्याच अंगठ्यात घुसवून घेतली होती या साहेबांनी, आणि मोठ्याने रडले होते. वहिनींनी तो अंगठा बांधला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी बसवून शिकवलं.

मुकादम आता काम सोडून जाणार होते. जाताना त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "माझ्यामागे ही आहेच." वहिनी घरी गेल्या आणि त्यांनी सासूबाईंना सांगितलं. नवरा मालाच्या ट्रकवर असायचा, आठवडेच्या आठवडे बाहेर. त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आता घरी आलो की मुकादमीणबाईंना सलाम ठोकायचा का?" वहिनी किती तरी दिवसांनी मनापासून हसल्या. त्यांना ही जागा हवी होती. लाजून, आडून नाही, सरळ हवी होती. काम त्यांचंच होतं, आता नावही त्यांचं व्हायला हवं होतं.

सोमवारी मालक खाली आले ते भाच्याला घेऊन. भाचा सज्जन होता, उगाच त्याला नावं कशाला ठेवा. तो सगळ्यांना हात जोडून म्हणाला, मला सांभाळून घ्या. मालक म्हणाले, आजपासून मुकादम हे, आणि वहिनी त्यांना सगळं समजावून देतील.

वहिनींनी खोलीभर नजर फिरवली. ज्या खोलीत परक्या माणसासाठी आऱ्या खाली ठेवल्या गेल्या होत्या, तिथे आज एकेक मान खाली गेली. टाके भराभर पडू लागले. इतकं मन लावून काम त्या खोलीत कधीच झालं नसेल. दीर तर शिकंज्यात डोकं घालतो की काय असा वाकला होता.  वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी भाच्याला कातड्यांचं कपाट दाखवलं.

जेवणाची सुट्टी झाली. भाचा मामाबरोबर वर जेवायला गेला. खाली पुन्हा शाम्पूवाल्याचा विषय निघाला. निघणारच ना! पहिल्याच सामन्यात त्याने क्षेत्ररक्षण कसं चुकीचं लावलं, यावर दीर तावातावाने बोलत होता. वहिनींनी तो रंगाचा डबा उचलला आणि काकांसमोर ठेवला.

"काका, आज एक निवड माझ्याकडून. शिवणखात्याचा मुकादम. मी हवी असेन तर लाल, नको असेन तर पांढरा."

"पोरी, हे असलं इथं..." काका चाचरले.

"इथं नाही तर कुठं? अख्ख्या देशाचा कर्णधार इथं ठरतो. मुकादम ठरायला काय हरकत आहे?"

काकांनी डबा पुढे केला. डबा फिरला. मुठी आत गेल्या, बाहेर आल्या. काकांनी तो उपडा केला आणि तुकडे बोटाने पसरले. सगळे लाल होते. पांढरा औषधालाही नव्हता.

क्षणभर वहिनींना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग त्या म्हणाल्या, "छान. चला आता वर. हेच मालकांना सांगू या."

कुणी उठलं नाही. एकाला पाणी प्यायचं होतं. एकाला चप्पल सापडेना. एक जण म्हणाला, "वहिनी, आमचं मत तुम्हालाच आहे हो, पण मालकांच्या घरच्या माणसाचा प्रश्न आहे." काका आपले पॉलिशने लाल झालेले हात बघत बसले. मुठीत सगळे शूर होते. उघड्या हाताने जिन्याचा कठडा धरायची एकाचीही छाती नव्हती. वहिनींनी दिराकडे बघितलं. तो म्हणाला, "तुम्ही बोला आधी, वहिनी. मी मागे आहेच." आणि तो जागच्या जागी बसून राहिला.

वहिनी एकट्याच जिना चढल्या. भाचा हात धुवायला गेला होता. मालकांनी बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत.

"तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही, बाई," मालक म्हणाले. "खरं सांगू का, माझ्या मनात तुम्हीच होता."

"मग काय आडवं आलं?"

"मी विचारल्याशिवाय काही करत नाही. तुमच्याच घरच्या माणसाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, बाईच्या हाताखाली लोक काम करायचे नाहीत, खात्याची घडी विस्कटेल. घरचा माणूसच असं म्हणतो म्हटल्यावर मी काय करणार? शिवाय भाचा रिकामाच होता."

वहिनींनी विचारलं, "कोण म्हणालं?"

मालकांनी काचेतून खाली बोट दाखवलं. खाली दीर कुणाला तरी मिठी मारत होता.

वहिनी जिना उतरल्या तेव्हा खोलीत नुसता कल्लोळ होता. रेडिओवर बातमी आली होती. शाम्पूवाल्याचं मनगट मोडलं होतं आणि उरलेल्या मालिकेसाठी त्या गोलंदाजाला कर्णधार केलं होतं. माणसं एकमेकांच्या पाठी थोपटत होती. दिराने नाक्यावरून मिठाईचा पुडा आणायला कुणाला तरी पिटाळलं होतं, पुडा आलाही होता. तो घेऊन दीर हसत वहिनींसमोर आला.

"वहिनी, तोंड गोड करा. अखेर न्याय झाला."

वहिनींनी पुड्याकडे बघितलंही नाही. "भाऊजी, मालकांनी तुम्हाला वर बोलावून माझ्याबद्दल विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत?"

दिराचा हात तसाच पुढे राहिला. "कधी?"

"मला तारीख नकोय. काय सांगितलंत ते हवंय. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. तुमचा आवाज काही लहान नाही."

रेडिओ कुणीतरी बंद केला. दीर इकडेतिकडे बघू लागला. "वहिनी, घरी बोलू ना आपण."

"घरी नाही. घरी तुम्हाला मी वाढते. इथं बोला."

"मी एवढंच म्हटलं," तो पुटपुटला, "की बाईच्या हाताखाली लोक काम करायचे नाहीत. म्हणजे, तुम्हालाच त्रास झाला असता. तुमच्या भल्यासाठीच."

"लोक म्हणजे कोण?" वहिनींचा आवाज थरथरत होता, आणि तो रडण्याने थरथरत नव्हता. "आत्ता सगळे लाल पडले, तुमचासुद्धा. हे काका काम करायचे नाहीत? तो दारापाशी बसलाय तो? मीच शिकवलंय त्याला. एकेकाला विचारा. लोक म्हणजे कोण, भाऊजी? नाव सांगा."

 दिराने एकदा काकांकडे बघितलं, काकांनी मान वळवली. त्याने दाराकडे बघितलं, तिथला माणूस म्हणाला, "मी असलं काही बोललो नव्हतो." बाकीच्यांनीही माना हलवल्या. दिराभोवतीची माणसं हळूहळू मागे सरकली आणि पुडा धरलेला तो एकटा मधोमध उरला.

"मी," तो म्हणाला. इतक्या हळू त्याला बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "मला नको होतं. घरातही तुमचं, इथंही तुमचंच ऐकायचं. लोक हसले असते मला."

वहिनींनी त्याच्या हातातला पुडा काढून घेतला आणि शेजारच्या स्टुलावर ठेवला.

"मग वर जा आणि हेच सांगा. लोक म्हणू नका. मी म्हणा."

दीर जिन्याकडे बघत राहिला. वहिनी त्याच्या मागे उभ्या राहिल्या, हात कमरेवर ठेवून. सुट्टी संपल्याची घंटा झाली, वरून मालक काचेतून बघू लागले, पण तो पहिली पायरी चढेपर्यंत त्या हलणार नव्हत्या, आणि त्या आरी हातात घेत नाहीत तोवर खोलीतल्या कुणाचाच शिवायला बसायचा धीर होत नव्हता.