बाबांनी झाकून ठेवलेलं घर

घर फोडायला काढलं की डेब्रिज टेम्पोत भरून पाठवता येतं, पण किस्से कुठे टाकायचे? भाईंदर पश्चिमेच्या आमच्या जुन्या वन बीएचकेचं रिनोव्हेशन सुरू झाल्यापासून ऑफिसात माझा डबा उघडायच्या आधीच मैत्रिणी विचारतात, "आज काय निघालं?" आणि रोज काहीतरी निघतंच हो!

याला जबाबदार आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे. आता ते नाहीत. कंपनीत फिटर होते आणि घरातल्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. त्यांचा नियम एकच होता. जुनं काढायचं नाही, त्याच्यावर नवीन चढवायचं. आम्ही एवढी वर्षं या घरात राहिलो, पण आपण नक्की कशाच्या आत राहतोय हे आम्हाला आत्ता कळतंय.

*

पहिल्या दिवशी किचनची लादी फोडली. खाली मोझॅक. मोझॅकखाली शहाबादी. आमचा उत्तनचा कॉन्ट्रॅक्टर डॉमनिक कपाळाला हात लावून म्हणाला, "वैनी, अजून एक थर चढवला असता तं पंखा डोक्याला लागला असता!"

सगळे थर निघाले. संध्याकाळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चहा ठेवायला ओट्यापाशी गेल्या आणि किंचाळल्याच. ओटा जागच्या जागी होता, जमीन मात्र खाली गेलेली. आईंना गॅसवर चढवलेलं पातेलं दिसेना!

"अगं, मी एवढी बुटकी कधी झाले?"

*

मग बाथरूम. तिथल्या एका कोपऱ्यातल्या टाइल्स जरा पुढे आलेल्या होत्या. आम्हाला वाटायचं, डिझाइन असेल. डॉमनिकने पहिला घाव घातला आणि भिंतीतून पाण्याची पिचकारी थेट त्याच्या तोंडावर!

आत नळ होता. अख्खा पितळी नळ! गळत होता म्हणून बाबांनी तो बदलला नव्हता, चिंधी बांधून टाइल्सच्या आत चिणून टाकला होता. डॉमनिक भिजून चिंब, मी बादल्या शोधतेय, आणि माझा नवरा महेश कौतुकाने म्हणतोय, "प्रेशर बघ ना काय आहे!"

*

हॉलमध्ये एक बटण होतं. ते कायम चालू असायचं आणि कशाचं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, "त्याला हात नको लावूस, बाबांनी लावलंय." मीही कधी लावला नाही.

इलेक्ट्रिशियनने ते बंद केलं. घरात काहीच झालं नाही. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा! सोसायटीचे सेक्रेटरी अंधारात चाचपडत दारात आले. "अहो, जिन्याचे लाइट गेले सगळे!"

आम्ही बटण चालू केलं. जिना उजळला. सेक्रेटरींनी एकदा बटणाकडे बघितलं, एकदा बाबांच्या फोटोकडे बघितलं आणि गुपचूप खाली गेले.

*

आता शेजारच्या विमळाबेनचं सांगायलाच हवं. त्या आणि आमच्या आई एकाच वर्षी लग्न होऊन या मजल्यावर आल्या. महेशच्या वेळी बाबांना रात्रपाळी असायची. कळा सुरू झाल्या तेव्हा आईंना दवाखान्यात घेऊन गेल्या त्या विमळाबेन. एवढी मैत्री! आणि पॅसेजमध्ये चपलांचं कपाट कुणी कुठे ठेवायचं यावरून अशा भांडल्या की कित्येक वर्षं एकमेकींशी एक शब्द नाही. दिवाळीचा फराळसुद्धा बंद.

आणि आता विमळाबेन सुरतला मुलाकडे निघाल्यात, कायमच्या. त्यांचे खोके बाहेर यायला लागले तशा आई उगाचच दाराशी घोटाळायच्या. मी म्हटलं, "आई, बोला ना एकदा." तर म्हणाल्या, "मला काय करायचंय? जाऊ दे जाते तर." रात्री जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, पण दोघींच्या मध्ये पडणार कोण?

पडला डॉमनिक. तेही अक्षरशः!

आमच्या शोकेससाठी बाबांनी मधली भिंत आतून कोरली होती. पलीकडून विमळाबेनच्या यजमानांनी देव्हाऱ्यासाठी तीच भिंत, त्याच जागी कोरलेली! मध्ये उरलं होतं नुसतं प्लास्टर. डॉमनिकने हातोडा जेमतेम टेकवला आणि त्याचा हात कोपरापर्यंत पलीकडे. तिकडे विमळाबेन आरती करत होत्या. बाळकृष्णाच्या मागून पांढराफटक हात बाहेर आला!

"हे भगवान!"

"ओ जेझू!" हा डॉमनिक.

भोकातून दोघी समोरासमोर. आता तरी बोलतील? छे! आई डॉमनिकला म्हणाल्या, "त्यांना सांगा, उद्या बुजवून देऊ."

विमळाबेनही डॉमनिकलाच म्हणाल्या, "उनको बोलो, मैं बहरी नहीं हूँ."

डॉमनिक वैतागला. "मी हितं भित तोडायला आलो हाय का बांधायला?"

संध्याकाळी आईंनी त्या भोकावर कॅलेंडर टांगलं. शेवटी बायको बाबांचीच!

*

शेवटी उरली बेडरूम. आईंच्या पलंगाच्या उशाशी रंग खरवडताना लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, थराखाली एक गोल काळं बटण निघालं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "देखते हैं, वायर किधर जाता है." त्याने तारा जोडल्या आणि बटण दाबलं.

आमच्याकडे काहीच वाजलं नाही. त्याने पुन्हा दाबलं, जरा वेळ दाबूनच धरलं. तेव्हा भिंतीपलीकडे, विमळाबेनच्या घरात, कर्कश बेल वाजली. टर्रर्रर्र!

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. मग पॅसेजमध्ये धावती पावलं.

विमळाबेन गुडघ्यांमुळे वॉकर घेऊन चालतात. हातात वॉकर नव्हता. पाय अनवाणी, बोटांना कणीक. एवढ्या वर्षांत न ओलांडलेला आमचा उंबरा ओलांडून त्या थेट बेडरूममध्ये आल्या आणि आईंचा दंड धरला.

"शालू! दुखने लगा क्या? रिक्षा बुलाऊँ?"

आईंना शालू म्हणताना मी आजवर कुणालाच ऐकलं नव्हतं.

आईंनी विमळाबेनचा कणकेचा हात घट्ट धरला. मग दाराकडे बघितलं. दारात महेश उभा होता, सुटलेलं पोट, टकलावर आणि मिशीवर पांढरी लांबी.

"झाला गं," आई म्हणाल्या. "मुलगा झाला!"