मुळ्याचा वाफा

डॉक्टरांनी अर्धी बाग बंद करायला सांगितली, त्या दिवसापासून बाई घरात कुणाशी धड बोलली नव्हती. आधी फार गोड बोलायची, असंही नाही. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिने उभी हयात काढली, तिथलीच मुकादम म्हणून निवृत्त झाली. तोंडावर तिला सगळे बाई म्हणायचे आणि पाठीमागे तोफ. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही.

खांदा गेला होता. अर्धा ओल्या चादरींच्या गाठोड्यांनी गेला, उरलेला बागेने. बाग म्हणजे तरी काय, घरामागे चार चादरी वाळत घालता येतील एवढा तुकडा. पण नळाला पाणी पहाटेच काय ते यायचं. ते पुढच्या दारात पिंपात भरून ठेवायचं आणि मग बादली बादली करत बैठकीतून, स्वयंपाकघरातून मागे न्यायचं. नवरा मदत करायचा नाही असं नाही. पण तो मुळाशी पाणी घालायचं सोडून टोमॅटोच्या पानांना अंघोळ घालतो, म्हणून तिने एकदा त्याच्या हातातून बादली हिसकावून घेतली होती. ती काही परत दिली नाही. माल पोचवायची गाडी चालवून जन्मभर रस्त्यावरच्या लोकांच्या शिव्या खाल्लेला माणूस तो, त्याला घरात वाद घालायची हौस नव्हती.

"बादली उचलणं बंद," डॉक्टर म्हणाले. "निदान अर्धी बाग तरी कमी करा. नाहीतर उद्या केस विंचरायला हात वर जायचा नाही."

"तुमच्या टेबलावरची ही चादर नीट धुतलेली नाही," बाई म्हणाली. "मी बोलले का काही?"

पण घरी येताना बसमध्ये दांडा धरायला हात वर गेला नाही तेव्हा तिला कळून चुकलं. काहीतरी काढावं लागणार होतं.

काढून टाकण्यात तिचा हात धरणारं धुलाईघरात कुणी नव्हतं. धुतलेली चादर उजेडात धरायची, एक नजर टाकायची, की झाला निकाल. ठेवायची, शिवायची, नाहीतर फाडायची. तीन ढीग. चादर कोणाची, कोण तिच्यावर झोपलं, कोण उठलंच नाही, असला विचार करत बसलं तर संध्याकाळपर्यंत एक गठ्ठा उरकायचा नाही. नव्या मुली घुटमळायच्या तेव्हा ती त्यांच्या हातातून चादर ओढून स्वतः टर्रकन फाडायची.

त्याच हिशेबाने ती एका सकाळी बादली उपडी घालून बागेत बसली. पालक आणि मिरची ठेवायची, त्यांचे फार लाड नव्हते. टोमॅटोची रोपं तेवढी कमी करायची. राहिले मुळा, दुधी आणि वांगी. सगळ्यात जास्त पाणी ढोसणारे हेच तिघे, आणि घोडं अडलं ते इथेच. कारण मुळा लेकीचा होता, दुधी नणंदेचा आणि वांगी नवऱ्याची. जागा तिची, पाणी तिचं, खांदा तिचा, पण वाफे त्यांचे होते. तिला मुळा खाल्ला काय आणि न खाल्ला काय, सारखंच. ती करत होती ते त्यांच्यासाठी.

म्हणून तिने त्यांनाच विचारलं. आधी नणंदेला फोन लावला.

"दुधी बंद करतेय. चालेल ना?"

"अहो वहिनी, दुधी नका हो बंद करू," नणंद घाईघाईने म्हणाली. "तुमच्या दुधीशिवाय आमच्याकडे पान हलत नाही."

लेक म्हणाली, "आई, मुळे मात्र ठेव हं. बाकी काय वाटेल ते काढ."

नवरा वर्तमानपत्र वाचत होता. बाईने त्याच्या पुढ्यात उभं राहून विचारलं, "वांगी काढू?"

"चांगली असतात की."

"चांगली असतात म्हणजे? ठेवू की काढू, एक काय ते सांगा."

"तू म्हणशील तसं."

"मी म्हणेन तसंच करायचं तर विचारायला मला वेड लागलंय?"

झालं. बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. खांदा हिचा आणि जिभा ह्यांच्या. एकानेही म्हणू नये की वहिनी, आई, अगं, तुझा हात दुखतोय, राहू दे तो दुधी. भांडी आपटत तिने स्वयंपाक केला. दिवसभर भिंतींना, दारांना, मांजराला सुनावलं. पण ह्या रागाच्या पोटात एक सुखही होतं, आणि ते तिने कुणाला कळू दिलं नाही. तिच्या भाजीवाचून कुणाचं तरी अडत होतं. नोकरी संपल्यापासून तिच्यावाचून कुणाचंच काही अडत नव्हतं. मग जाऊ दे खांदा, तिने ठरवलं. बादल्या अर्ध्या भरून नेऊ, खेपा वाढवू, पण काही काढायचं नाही.

त्याच तिरमिरीत तिने डाव्या हाताने मुळे उपटले, माती झटकली, पिशवी पाल्यासकट गच्च भरली आणि न कळवता लेकीकडे निघाली.

लेक चौथ्या मजल्यावर राहायची. खाली जिन्याजवळच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी दारात जाळीच्या पेटीत ससे पाळले होते. बाईला पाहून ते खुर्चीतून उठलेच.

"मुळे आले वाटतं? द्या, इथेच द्या. वर कशाला ओझं नेताय? तुमच्या लेकीचीही खाली यायची खेप वाचेल."

बाईला आधी उलगडाच झाला नाही. "कसली खेप?"

"दर वेळी आणून देते ना बिचारी. गुणी मुलगी." म्हाताऱ्यांनी जाळीतून बोट घालून एका सशाचं कपाळ खाजवलं. "बघा की कसे गलेलठ्ठ झालेत तुमच्या कृपेने. आधी पाला खातात, मग मुळा."

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सशांकडे पाहिलं. एकजण शांतपणे तोंड हलवत बसला होता. ती म्हाताऱ्यांना एक शब्द बोलली नाही, त्यांचा काही गुन्हा नव्हता. पिशवी घेऊन जिने चढली. दर मजल्यावर थांबून खांदा दाबला आणि पुढच्या मजल्यासाठी राग साठवला.

लेकीने दार उघडलं. "आई? फोन तरी करायचास."

"सशांनी निरोप दिलाय," बाई म्हणाली आणि पिशवी उंबऱ्यातच सोडून दिली. मुळे पार चपलांपर्यंत घरंगळत गेले.

लेकीने ते पाहिले. खोटं बोलायला आता जागाच नव्हती. ती खाली बसून मुळे गोळा करायला लागली.

"राहू दे ते. सांग. कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्यापासून. मला मुळ्याचा वास सहन होत नाही आई. शाळेत होते तेव्हापासून."

"मग आवडतात म्हणून सांगितलंस कशाला?"

"मी कधी सांगितलं? लग्नानंतर तू पहिल्यांदा आलीस, मुळे आणलेस. मी नुसतं म्हणाले, अरे वा, मुळे. पुढच्या खेपेला तू अख्खा वाफा लावून मोकळी."

"त्याच वेळी सांगायचंस."

"तुला?" लेक म्हणाली.

एवढंच म्हणाली, पण बाईच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. आणि बाईला लागलं की ती गप्प बसत नसे, दुप्पट बोलत असे.

"हो, मला. आई आहे मी तुझी, कोणी फौजदार नाही. आणि परवा तर मी स्वतः विचारलं होतं. काढू का म्हणून विचारलं, तेव्हा 'ठेव' कशाला म्हणालीस? माझा हात निकामी होतोय इथे."

"तू ज्या आवाजात विचारलंस ना, त्याला ठेव सोडून दुसरं उत्तर नव्हतं. आत्याने तर लगेच मला फोन केला. म्हणाली, मी ठेवा म्हटलंय, तूही ठेवच म्हण."

"आत्या?" बाईचा आवाज एकदम खाली आला. "तिचं काय आता?"

लेकीने जीभ चावली, पण शब्द निसटून गेला होता. "आत्या दुधी शेजारी वाटते. त्यांच्याकडे कुणीच खात नाही."

"आणि तुझे बाबा? ते तर माझ्यासमोर बसून खातात वांगी."

"खातात. त्यांच्या तोंडाला खाज सुटते, मग मोरीत जाऊन गुळण्या करतात. तुला वाटतं ते दात जपतात."

बाई खुर्ची ओढून बसली. मूग गिळून बसलेत सगळे. वर्षानुवर्षं. ती इकडे पहाटे उठून पिंप भरतेय, खांद्याला तेल चोळून चोळून बादल्या उचलतेय, आणि तिकडे हे एकमेकांना फोन करून ठरवतायत की हिला काय सांगायचं. वेडीला सांभाळावं तसं.

"माझा खांदा तुमच्या खोटेपणापायी गेला," ती म्हणाली. "मी काय घोडं मारलं होतं तुमचं? एक शब्द, एवढाच पुरला असता. नको. आई, मुळा नको."

"बादल्या उचल असं तुला कोण म्हणालं होतं?" आता लेकीचाही आवाज चढला. "बाबांच्या हातून तूच काढून घेतलीस. आम्ही काही केलं की ते चुकीचंच असतं. मग आम्ही काय करणार? खातो, नाहीतर सशांना घालतो."

लेक आत गेली, गॅस पेटवल्याचा आवाज आला. बाई खुर्चीत धुमसत बसली. लेक चहाचे दोन कप घेऊन आली, टेबलावर ठेवले आणि समोर बसली. चहा कोणी उचलला नाही.

बाईला अजून टोचायचं होतं. एवढ्यावर सोडून देण्यातली ती नव्हती.

"आणखी काय काय दडवलंय माझ्यापासून?" तिने विचारलं. "सांगून टाक. आज सोक्षमोक्ष होऊनच जाऊ दे."

लेकीने दोन्ही कप उचलले, भरलेलेच, आणि आतल्या ओट्यावर नेऊन भिंतीला लावून ठेवले. मग पुन्हा येऊन समोर बसली, हात टेबलाखाली घेऊन.

चहा मिळणार नाही असं दिसतंय, हा बाईच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा यायला जरा वेळ लागला. घरी नवरा हेच करायचा. काही सांगायचं असलं की आधी टेबलावरचे पेले उचलून फळीवर ठेवायचा. गाडी ठोकली तेव्हा, नोकरी सुटली तेव्हा, त्याची आई इकडे राहायला येणार होती तेव्हा. आमचे हे फार टापटिपीचे, असं बाई चारचौघांत कौतुकाने सांगत आली होती. आणि धुलाईघरात जळकी चादर दाखवायला मुली आत यायच्या, तेव्हा जवळची गरम इस्त्री आधी बाजूला सरकवायच्या. बाईला वाटायचं, मला बसायला जागा करून देतायत. हाताला लागेल ते ती भिरकावेल, ही सगळ्यांची धास्ती तिला आज दिसली.

लाज आणि राग एकदमच आले, आणि त्यातलं कुठलं काय ते तिला वेगळं करता येईना. उजेडात धरून बघावं असं काही हाताशी नव्हतं. समोर लेक होती, वयाने एवढी मोठी झालेली, आणि खांदे आवळून बसलेली.

"कप आण इकडे," बाई म्हणाली.

"आई, राहू दे ना."

"आण. इथे ठेव, माझ्यासमोर."

लेकीने कप आणले. ठेवताना चहा थोडा बशीत सांडला. बाईने आपला कप दोन्ही हातांनी धरला, उजवा हात तेवढ्यानेही ठणकला.

"आता सांग."

"ह्यांची बदली झालीय," लेक म्हणाली. "खूप लांब. जायला रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. जागा बघून झाली, ह्या महिन्याअखेर निघायचंय." ती थांबली आणि आईच्या हातांकडे पाहत राहिली. "कळून पुष्कळ दिवस झाले. बाबांना माहीत आहे. आत्यालाही."

बाईने पहिल्यांदाच खोलीत नीट पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ उतरवलेलं होतं. पलंगाखाली दोऱ्यांनी बांधलेले खोके होते आणि त्यांच्यावर घाईघाईने चादर ओढलेली होती, तिच्यासाठीच. तिच्या तोंडात शब्द तयार होते. 'सख्खी आई मी आणि मला शेवटी', 'सशांना आधी सांगितलं असशील', सगळे तयार होते, एकामागे एक रांगेत. तिने कप आणखी घट्ट धरला.

"मला राग आलाय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "फार आलाय. तू बोलत राहा."