घासलेला डॉलर

अमृताचा फोन आला तेव्हा मी प्रिन्स्टन जंक्शनला गाडी लावत होतो. "बाबा गेले," ती म्हणाली, आणि पुढचं इंग्रजीत, "ही वॉज स्लीपिंग." मी जे म्हणायचं असतं ते म्हणालो. फोन ठेवल्यावर वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण या वेळी बरं वाटेल तेवढंच लिहायचं नाही असं ठरवलं आहे. श्रीधरकाका गेल्याला आता काही आठवडे झाले. त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते खोटं लिहीत नाहीत.

मी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला शिकायला आलो तो त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला. काका मूळचे नागपूरचे, जुन्या पिढीत इकडे आलेले इंजिनियर. मुलगी अमृता कॉलेजला लांब गेलेली, घरात ते आणि निर्मलाकाकू. माझ्या कॉटशेजारीच त्यांचं नाण्यांचं कपाट होतं. जुने अमेरिकन चांदीचे डॉलर, एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गरुड. "काय बे, बोटं पुसली का?" हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं. नाणं फक्त कडेनं धरायचं, त्याच्यावर तोंड करून बोलायचं नाही, थुंकीच्या एका थेंबानंही कायमचा डाग पडतो. मग ते दिव्याखाली नाणं हळूच तिरकं करायचे आणि प्रकाश त्याच्यावरून चाकाच्या आऱ्यांसारखा फिरायचा. प्रतवारी सत्तरपैकी. सत्तर म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर कशाचाच स्पर्श न झालेलं. काका नाण्यांवर थांबायचे नाहीत, सगळ्यालाच ग्रेड द्यायचे. देवळातल्या प्रसादाला, शेजाऱ्याच्या लॉनला, काकूंच्या पुरणपोळीला. "साठ. काठ फाटलेत." काकू म्हणायच्या, "मग नका खाऊ ना!" आणि दुसरी वाढायच्या.

माझी पहिली दिवाळी आली तेव्हा काका एका कॉइन शोला गेले होते, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी परतणार होते. दुपारी काकू जिन्यावरून खाली डोकावल्या. "घरात एवढी चांदी, आणि मी दरवर्षी कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला हळदकुंकू वाहते. एखादं काढून दे रे. तू काढलंस म्हटल्यावर ते काही बोलणार नाहीत." कपाटाला तेव्हा कुलूप नसायचं. मी एक डॉलर काढला. कडेला काळपट, आत निळसर, मध्ये थोडं जांभळं. काकांचे धडे अजून सुरू व्हायचे होते, मला तो मळलेला वाटला. सांगलीला आमची आई धनत्रयोदशीला चांदीची भांडी, नाणी, देव सगळं दंतमंजनानं घासून लख्ख करायची... काळं नाणं लक्ष्मीपुढे ठेवतात का कुठे? मी सिंकपाशी उभा राहून टूथपेस्ट लावली आणि जुन्या ब्रशनं घासायला लागलो. काकू म्हणाल्या, "राहू दे रे तसंच. त्यांना आवडणार नाही." मी म्हणालो, "बघा तर खरं, काका खूश होतील." दह्यासारखं पांढरंशुभ्र निघालं ते. मला केवढा अभिमान वाटला!

काका आले, बूट काढले, देवापुढे वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग नाणं कडेनं उचलून दिव्याजवळ नेलं. शंभर वर्षं एका जागी पडून चांदीवर जी झाक चढते ती मळ नसते, तीच त्या नाण्याची शोभा असते, आणि ब्रशच्या बारीक ओरखड्यांनी ती गेली की परत येत नाही. हे मला नंतर त्यांनीच शिकवलं. जुन्या पाकिटाचं नाण्याला चिकटलेलं प्लास्टिक अलगद विरघळवून काढणं म्हणजे जतन, घासणं म्हणजे खून, असं ते म्हणत. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी एवढंच विचारलं, "हे कोणी केलं?"

मी म्हणालो, "काकूंना पूजेला हवं होतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलतील म्हणून मी थांबलो, म्हणजे मी काही बोलायला नको म्हणून. त्या बोलल्या नाहीत. काका त्यांना म्हणाले, "अडाणी बाई," आणि न जेवता वर गेले. काकूंनी माझं ताट वाढलं.

आठवड्याभरात कपाटाला कुलूप आलं, आणि किल्ली माझ्याकडे आली. मी त्यांचा शिष्य झालो. वर्षभरानं रागाचा विनोद झाला. गणपतीत, कोजागिरीला, कोणाच्याही घरी चार माणसं जमली की काका सुरू करायचे, "आमच्या हिनं एकदा लक्ष्मीला टूथपेस्ट लावली! दात स्वच्छ, बाकी सगळं साफ!" लोक हसून लोळायचे. काकू चिवड्याची ताटली घेऊन फिरत असायच्या, त्याही हसायच्या. मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. नोकरी लागून मी बेसमेंट सोडलं तेव्हा डबा भरून देताना काकू म्हणाल्या, "मला वाटलं होतं, सांगशील तू एक दिवस." मी डब्याचं झाकण नीट बसलंय का ते बघत राहिलो. त्या गेल्या, त्यांच्या तेराव्याला काकांनी तीच गोष्ट डोळे पुसत सांगितली, आणि तेव्हाही मी गप्प होतो.

काकांना शेवटचा भेटलो तो त्यांच्या आजारपणात, हॉस्पिटलनंतर ठेवतात त्या रिहॅबमध्ये. हातात काही धरवत नव्हतं. मी म्हणालो, "काका, तो डॉलर... काकूंनी नव्हता घासला." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "माहीत आहे बे. तिच्या बोटांत संधिवात. तिला लसूण सोलवत नव्हता, ती काय घासते एवढं?"

"मग इतकी वर्षं..."

"तुला बोललो असतो तर तू सामान उचलून गेला असतास. ती कुठे जाणार होती?"

नर्स औषध घेऊन आली. मी निघालो तेव्हा त्यांनी हात हलवला, नेहमीसारखा. त्यांना काही कबूल केल्यासारखं वाटलं असेल असं मला वाटत नाही. मला ते वाक्य ऐकून राग आला, आणि गाडीत बसल्यावर कळलं की मीही तोच हिशोब केला होता, फक्त मोठ्यानं म्हटला नव्हता. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, कोणाला बोललं तर चालतं.

शोकसभेत कोणीतरी टूथपेस्टची गोष्ट सांगितली. हॉल रडता रडता हसला.

गेल्या शनिवारी अमृतानं मला नाणी निवडायला बोलावलं. तिला ती विकायची आहेत आणि तिला त्यातलं कळत नाही. तो डॉलर काकांनी कधीतरी ग्रेडिंगच्या कंपनीकडे पाठवला होता. सीलबंद प्लास्टिकमध्ये, वर अंक नाही, फक्त शेरा, 'साफ केलेलं'. कोणी केलं ते तिथे लिहीत नाहीत. "ओ माय गॉड, आईचं कॉइन!" अमृता हसली. मी तिला सांगितलं. सगळं, काका रिहॅबमध्ये काय म्हणाले ते सुद्धा.

 तिनं विचारलं, "डिड आई नो, की बाबांना माहितीय?"

"मला नाही माहीत."

"मी ती स्टोरी माझ्या लग्नात सांगितली होती," ती मराठीत म्हणाली. "माइकवर. आई हसली होती."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. "मला नको सांगूस. त्या सगळ्यांना सांग. एव्हरी सिंगल वन हू लाफ्ड." आणि डॉलर विकायच्या डब्यातून उचलून, कडेनं धरून, वर घेऊन गेली. मला दिला नाही. तो मी मागणारही नव्हतो.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी बरेच जण त्या घरी जेवले आहेत. ते नाणं निर्मलाकाकूंनी घासलं नव्हतं. त्यांनी मला घासू नको म्हणून सांगितलं होतं. ती गोष्ट तुम्ही पुढे कोणाला सांगितली असेल, तर कृपा करून त्यांनाही हे कळवा.