पंधरा तोळे लोकर

जे मी माझ्या पत्नीला तिच्या शेवटच्या आजारपणातही सांगू शकलो नाही, ते आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का — ते मला नीट ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

ओळखणारे फार झाले आहेत. त्यांनी ही हकिगत आपापसांत वाटून घेतली आहे. कर्जतच्या बाजारात सांगतात, की लोकरीच्या दुकानदाराने एका चोरट्या बाईला मोठ्या मनाने क्षमा केली. कशेळ्यात सांगतात, की बाईने चोरी केली खरी, पण पुढे तोळा न् तोळा भरून दिला. आणि खालापुरात — जिथे माझ्याविषयी चांगले बोलण्याची पद्धतच नाही — सांगतात, की दुकानदाराचा काटाच खोटा होता. तिघेही चुकतात. खालापूरकर तर धडधडीत चुकतात, आणि त्यांचा समाचार मी आधी घेणार आहे.

माझा काटा खोटा नव्हता. वडिलांनी घेतलेला, पितळी पारड्यांचा, दसऱ्याला झेंडू वाहून पुजलेला तो काटा होता. वजने शिक्क्याची होती. साऱ्या हयातीत मी कोणाला त्यावर गुंजभरही कमी दिलेले नाही. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन बोलावे. — पाहा, इतकी वर्षे लोटली तरी आवाज चढतोच. काट्याची बाजू घ्यायला मी कधीच कमी पडलो नाही. कमी पडलो ते दुसरीकडेच.

दुकान कर्जत स्टेशनबाहेर होते. आठ महिने सुया, बटणे, नाडी, रिळे. आणि पाऊस सरला की लोकर. घाटात गाडीबरोबर जाणाऱ्या रेल्वेच्या माणसांना पहाटेचा वारा झोंबे, त्यामुळे दसऱ्यानंतर त्यांच्या बायका लोकर घ्यायला येत. काहींना स्वेटर विणून हवा असे. ते काम मी यमुनाबाईला देत असे.

यमुनाबाई ही ठाकुरवाडीच्या थांब्यावर राहणाऱ्या एका गँगमनची बायको. लग्नाआधी ती कर्जतला रेल्वेच्या बंगल्यात कामाला होती. तिथल्या मडमेने तिला विणकाम शिकवले. तिच्या सुया सायकलच्या तारा दगडावर घासून केलेल्या, पण त्या सुयांवरून उतरलेल्या कामात एक टाका सैल सापडत नसे. आमची रीत साधी होती. लोकर वजनावर द्यायची, स्वेटर वजनावर घ्यायचा. जेवढे गेले तेवढे परत यायला हवे. पाच वर्षे ते तसे येत होते.

लढाईचे दिवस होते. लोकर मिळेनाशी झाली होती. त्या वर्षी लोणावळ्याच्या एका शाळेने सहा करड्या स्वेटरांची मागणी नोंदवली, दिवाळीच्या सुट्टीनंतर हवेत म्हणून. दसऱ्यापर्यंत थांबलो असतो तर काम पुरे झाले नसते. म्हणून पहिल्यांदाच मी भर श्रावणात लोकर काढली. बाहेर धार लागलेली, दुकानाच्या भिंतींना ओल, आगपेटीची काडी पेटत नव्हती. — हे सारे मला तेव्हा दिसत होते. दिसणे आणि लक्षात येणे यांत किती अंतर असते, हे मी कोणाला शिकवावे? तीन शेर लोकर मोजली. दोनशे चाळीस तोळे. यमुनाबाईने ती मेणकापडात बांधली आणि वरच्या गाडीने घाटात नेली.

कार्तिकातल्या एका लख्ख सकाळी ती सहा स्वेटर घेऊन आली. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके होती. मी स्वेटर पारड्यात घातले. दोनशे पंचवीस तोळे. पुन्हा घातले. पुन्हा तेच.

पंधरा तोळे कमी.

तिला आत बोलावून विचारता आले नसते का? आले असते. मी तसे केले नाही. लोकर कुठे गेली, असे मी सर्वांदेखत विचारले. ती गोंधळली. मग कनवटीची एक पुरचुंडी सोडून तिने पारड्यात ठेवली. विणताना कापलेली टोके होती ती, बोटभर, अर्धे बोट. सारी जपून आणलेली. पाव तोळाही भरली नाहीत.

"शेट, घरात तुमचा दोरासुदिक नाय," ती म्हणाली. "काटा बघा जरा तुमचा."

एवढे वाक्य पुरेसे झाले. शेराचे वजन या पारड्यात, शेराचे त्या पारड्यात. मग पारड्यांची अदलाबदल. मग छटाकाची वजने एकेक करून — मी साऱ्यांसमोर काटा सिद्ध करून दाखवला. काटा केसभरही हलला नाही. मग दुकानात कोणी काय समजायचे? एक बाई मागून हसली, "अगं यमुने, येवढ्यात पोरीला झबलं व्हतंय गं!" दुसरी म्हणाली, "आनि वर टोपी!"

टोकांची पुरचुंडी यमुनाबाईने परत बांधून घेतली. तिला कर्जतमध्ये त्यानंतर कोणीही विणायला दिले नाही.

इथे थांबलो असतो, तर ही केवळ चूक ठरली असती. चुकीसाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

पुढच्या भाद्रपदात माल आला, तेव्हा एक शेरभर लोकर मी बांधून, वर चिठ्ठी लावून, कुलपात ठेवली. मार्गशीर्षात उघडली. ऐंशी तोळ्यांची पंचाहत्तर भरली. किल्ली माझ्या जानव्याला होती. पहिला संशय कोणावर घेतला असेल? पत्नीवर. तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी तिने ताट आदळून विचारले, "अहो, तुमच्या लोकरीची मी काय भाजी केली?"

मग तीच लोकर मी दिवसभर न्हाणीत, पाण्याच्या घंगाळावर टांगून ठेवली आणि संध्याकाळी मोजली. एकोणऐंशी. दोन दिवस माळ्यावर उन्हात ठेवली. पंचाहत्तर. हाताला ती दोन्ही वेळा कोरडीच लागत होती. लोकर हवेतली ओल पिते, आणि हवा कोरडी झाली की ती सोडून देते. श्रावणात मी यमुनाबाईला पंधरा तोळे पाऊस मोजून दिला होता, आणि कार्तिकात तो परत मागितला होता.

कळले त्या क्षणी वरची गाडी पकडायला हवी होती. ठाकुरवाडी किती दूर? मी काय केले सांगतो. मी दुकानात नियम केला — पावसाळ्यात लोकर वजनावर द्यायची नाही. लोकांनी कारण विचारले तेव्हा म्हणालो, ओलीत लोकरीला वास लागतो. आजही कोणी जुना माणूस भेटला, की त्या नियमाचे कौतुक करतो. दूरदृष्टी म्हणतो. मी ऐकून घेतो.

तिसऱ्या वर्षी, हस्ताचा पाऊस कोसळत असताना, यमुनाबाई दुकानाची पायरी चढली. मेणकापडातच बांधलेले काहीतरी तिच्या काखेत होते. तिच्या मोठ्या मुलीची सोयरीक कशेळ्याला जुळत आली होती, आणि चोरीची गोष्ट तिच्या आधी तिथे पोचली होती. मुलाच्या चुलत्याला ती सोबत घेऊन आली होती. तो छत्री मिटून दारात उभा राहिला. दुकानात इतरही माणसे होती. मी मोजली नाहीत; पण एकेकाचा चेहरा आठवतो.

तिने मेणकापड सोडले. करडी लोकर. नवऱ्याच्या पासावर पुण्याला जाऊन आणलेली.

"शेट, तुमची पंधरा तोळे," ती म्हणाली. "चार मानसांत काय ते सांगा, म्हंजे माझी पोर सुटंल."

माझे हात सवयीने काट्याकडे गेले. होय, मी ती लोकर मोजली. सोळा तोळे भरली. मी वर पाहिले. ती माझ्याकडेच पाहत होती.

"एक तोळा वर घातलाय," ती हळू म्हणाली. "पावसाची हाय ना. वाळली तर कमी नको भराया."

समजले तुम्हाला? तिला ठाऊक होते. कधी समजले, कसे समजले — कोण जाणे. पाच वर्षे लोकर तिच्या बोटांतून गेली होती, माझ्या केवळ पारड्यातून. आणि मला ठाऊक आहे, हेही तिने त्या क्षणी माझ्या तोंडावर वाचले. तरी तिने ते मोठ्याने म्हटले नाही. तिने म्हटले असते तर कोणी मानले असते? ते मीच म्हणायचे होते. तेवढ्यासाठीच तर तिने "काय ते" असे म्हटले होते. चार शब्द होते — बाईने काही घेतले नव्हते. चुलता दारात ऐकत होता. काटा दोघांच्या मध्ये होता, आणि तो खरा होता.

मी म्हणालो, "फिटलं."

आणि वर, ऐकणाऱ्यांसाठी, आणखी म्हणालो, "झालं गेलं. माझ्या मनात काही नाही."

इथून ती मोठ्या मनाची गोष्ट सुरू झाली. दारातला चुलता समाधानाने मान हलवत होता. लग्न झाले. मुलगी कशेळ्यात नांदली — भरून देणाऱ्या चोरणीची लेक म्हणून. यमुनाबाईने मेणकापडाची घडी केली आणि ती पावसात उतरली. पुन्हा तिने कधी माझे दुकान पाहिले नाही. ती वारल्याचे मला वर्षभराने, एका गिऱ्हाइकाकडून, बटणे मोजताना कळले. मी बटणे मोजत राहिलो.

तेव्हा कर्जतकरांनो, मी कोणाला क्षमा केलेली नाही. कशेळकरांनो, तिने जे भरून दिले ते तिने कधी घेतलेलेच नव्हते. आणि खालापूरकरांनो, काटा खरा होता. खोटा होता तो काट्यामागे बसलेला.

तिने आणलेली ती लोकर मी ठेवून घेतली नाही. कार्तिकात विकली. हवा कोरडी झाली होती, ऊन पायरीपर्यंत आले होते. विकताना वजन केले.

बरोबर पंधरा तोळे भरली.